जयमालाची सही

कुठलाही कनेक्टर उघडला की जयमाला इंगळे आधी त्याचा वास घेते. मीटर नंतर, स्कॅनर त्याच्याही नंतर. चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या गॅरेजांत असं कुणी करत नाही, कारण तिथल्या बहुतेक पुरुषांची नाकं डिझेल आणि तंबाखूनं कधीच मेलेली आहेत. जयमालाचं नाक शाबूत आहे. जळकं प्लॅस्टिक, उंदराचं मूत, सीटखाली सांडून आंबलेलं दूध, प्रेशरनं गाडी धुताना आत घुसून कुजलेलं पाणी, हे सगळं तिला वेगवेगळं ओळखता येतं आणि प्रत्येकाची तिला वेगळी किळस येते. ज्याला किळस येते त्यानं गॅरेजात काम करू नये, असं तिचा नवरा म्हणतो. ती म्हणते, ज्याला येत नाही त्यानं करू नये.

ती मूळची भूम तालुक्यातली. इलेक्ट्रॉनिक्सची आयटीआय करून लग्नानंतर इकडे आली आणि गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात लागली. तिथं तेरा वर्षं एका उभ्या पाटासमोर उभी राहिली. पाटावर खिळे ठोकलेले, खिळ्यांतून रंगीत वायरी नेऊन टेपनं गुंडाळायच्या, शिफ्टला इतक्या म्हणजे इतक्या. लघवीला जायचं तर सुपरवायझरला हात वर करून विचारायचं. चाळिशीच्या बाया शाळेतल्या पोरींसारखे हात वर करून उभ्या राहायच्या आणि मोबाइलमध्ये बघणारा पंचविशीचा सुपरवायझर सवडीनं मान हलवायचा. या एका गोष्टीची तिला अजून इतकी घाण वाटते की ती आजही कुणासमोर हात वर करत नाही, रिक्षासुद्धा मान हलवून थांबवते.

पण वायर तिला तिथंच कळली. आता गाडीत कॉम्प्युटरचं एक डोकं नसतं, चार-पाच असतात. इंजिनाचं वेगळं, ब्रेकचं वेगळं, समोरच्या मीटरचं वेगळं, आणि सगळ्यांवर देखरेख करणारी एक चपटी काळी पेटी, तिला मुख्य कंट्रोल म्हणतात. ही सगळी डोकी एकमेकांशी दोनच तारांवरून बोलतात. एक पिवळी, एक हिरवी, वेणीसारखी एकमेकींत पिळलेली. पीळ कशाला घालायचा, असं जयमालानं सुपरवायझरला विचारलं होतं. तो म्हणाला, "ड्रॉइंगमध्ये आहे म्हणून." तिनं घरी जाऊन जुनी पुस्तकं काढली. पीळ असला की बाहेरची गडबड दोन्ही तारांवर सारखी पडते आणि आपोआप वजा होते. त्यानंतर नव्या मुलीनं पीळ सैल घातला किंवा कनेक्टर आत न बघता दाबून बंद केला, की जयमाला तिच्या हातावर चापट मारायची. "बघून बंद कर," एवढंच म्हणायची.

कंपनीनं लाइन दुसऱ्या राज्यात हलवली तेव्हा दोनशे बायकांना एकेक स्टीलचा डबा देऊन निरोप दिला. जयमालानं त्या डब्यात कधी अन्न ठेवलं नाही. त्यात ती कनेक्टरचे सुटे पिन ठेवते.

तो डबा घेऊन ती जयदीपच्या गॅरेजात लागली, त्याला आता सात वर्षं झाली. जयदीप चौतिशीतला, बोलायला गोड आणि कामाला आळशी. त्याच्याकडे परदेशी स्कॅनर आहे आणि त्या स्कॅनरवर त्याची आंधळी श्रद्धा आहे. गाडीला स्कॅनर जोडायचा, पडद्यावर बिघाडाचा कोड येतो तो वाचायचा, कोड ज्या भागात नोंदलेला असेल तो भाग बदलायचा, ही त्याची विद्या. त्यातही या बोलाचालीच्या बिघाडांत कोड कसा येतो? मीटर म्हणतं, मला मुख्य कंट्रोलचं ऐकू येत नाही. ब्रेकचं डोकं म्हणतं, मलाही नाही. जयदीप काय करतो, तर मीटर बदलतो. मग ब्रेकचं डोकं बदलतो. जो तक्रार करेल त्यालाच उचलून घराबाहेर काढायचं. जयमाला त्याला दहादा म्हणाली असेल, "भाऊ, कोड म्हणजे तक्रार असते, निकाल नसतो." जयदीप हसून "बरोबर, ताई" म्हणतो आणि पुन्हा तेच करतो.

दिवाळी चार दिवसांवर आली असताना याच विद्येचा एक कागद तिच्यासमोर आला.

कागद होता दौलतरावांच्या सात नंबरच्या बसचा. दौलतराव जुन्या गावातले, जमिनी कंपन्यांना गेल्या तसे बसांच्या धंद्यात शिरलेले. त्यांच्या बारा बसा एका मोठ्या कंपनीच्या कामगारांना ने-आण करतात. सात नंबर गेले काही दिवस लहरी झाली होती. गतिरोधकावर आदळली की मीटरचे काटे धाडकन शून्यावर, समोरचे सगळे दिवे लाल, आणि बस रांगायला लागायची. दोन मिनिटांनी जणू काही झालंच नाही अशी पुन्हा नीट. मीटर बदलून झालं, ब्रेकचं डोकं बदलून झालं. मंगळवारी सकाळी ती तळेगाव चौकात बावन्न कामगारांसकट बंदच पडली. कांद्याचे ट्रक मागे तुंबले, कामगार उतरून चालत गेले, पहिली शिफ्ट चुकली. कंपनीनं दौलतरावांना लेखी विचारलं: चूक कोणाची?

जयदीपनं उत्तर शोधून ठेवलं होतं. डॅशबोर्डखाली, चालकाच्या डाव्या हाताला, चार स्क्रूंच्या झाकणामागे मुख्य कंट्रोल असतो. त्यानं वरचे दोन स्क्रू सैल करून टॉर्च मारला होता आणि आत लाल ओघळ दिसले होते. झालं, एवढ्यावर कागद तयार. बिघाडाचं कारण या ओळीत लिहिलं होतं: चालकाचा निष्काळजीपणा, तंबाखूची थुंकी कंट्रोलमध्ये गेल्यामुळे.

"ताई, फक्त इथं," जयदीपनं पेन पुढे केलं. "तपासणाऱ्याची सही."

"मी कुठं तपासलंय?"

"मी तपासलंय ना."

"मग तुम्ही करा."

"माझी वर आहे. दोन लागतात, कंपनीचा फॉर्मच तसा आहे."

दौलतराव खुर्चीत बसून गाडीची चावी बोटाभोवती फिरवत होते. आईला, मंजुळाबाईंना, डोळे तपासायला पिंपरीला नेलं होतं, परत जाताना इकडे वळले होते. म्हातारी बाहेर गाडीत बसली होती. "बाई, सही करा आन् मोकळ्या व्हा," ते म्हणाले. "चार वाजता कागद द्यायचाय. नाव लागतंय त्यांना. न्हाई दिलं तर बाराच्या बारा बसा बंद."

नाव ज्याचं होतं तो कोंडाजी बाहेर जुन्या टायरवर बसला होता. छप्पन्न वर्षांचा, जुन्नरकडचा, एकवीस वर्षं दौलतरावांकडे चालक. राहतो तो दौलतरावांच्याच चाळीतल्या खोलीत. नोकरी गेली की खोली गेली. शिवाय बसवाल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, त्यावर नाव एकदा फिरलं की या पट्ट्यात दुसरं कुणी स्टिअरिंगला हात लावू देत नाही. आणि या माणसानं पहिल्याच दिवशी येऊन सांगितलं होतं, "गतिरोधकावर काटे पडत्यात, आतलं काय तरी ढिलं हाय." ते कुणी ऐकलं नव्हतं. आता त्यालाच काढायचं चाललं होतं. मीटर काढलं तसं.

खरं सांगायचं तर जयमालाला कोंडाजी आवडत नसे. तो दिवसभर चुना-तंबाखू चघळतो आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत थुंकतो. ती बाटली उजवीकडे, खिडकीखाली, दोरीनं बांधलेली असते, अर्धी भरलेली, आणि ब्रेक मारला की आतलं हिंदकळतं. ते पाहिलं की जयमालाचं जेवण जात नाही.

"ताई," तो तिथूनच म्हणाला, "मी बाटलीत थुकतो. आजवर खिडकीतनं सुदिक थुकलो न्हाई."

"मोठा पराक्रम," ती म्हणाली. मग जयदीपकडे वळली. "मला तासभर द्या. बघितल्याशिवाय मी सही करत नसते."

"ताई, लाल ओघळ मी डोळ्यांनी बघितलेत."

"तुम्ही बसची बॅटरी न सोडवता दोन स्क्रू सैल केले आणि टॉर्च मारला. त्याला बघणं म्हणायलाव का तुम्ही?" चिडली की तिची भूमची बोली वर येते.

तिनं बॅटरी सोडवली, जरा थांबली, आणि स्कॅनर जोडायच्या सॉकेटमध्ये पिवळ्या-हिरव्या तारांवर आपल्या ओहम मोजायच्या मीटरची टोकं लावली. या दोन तारांच्या दोन्ही टोकांना एकेक रेझिस्टर असतो, एकशेवीस ओहमचा. दोन्ही जागेवर असले की मीटर साठ दाखवतो. एक टोक सुटलं की एकशेवीस. हे इतकं सोपं आहे की ते न करता दोन महागडे भाग बदलणाऱ्या माणसाला काय म्हणावं, याला तिच्याकडे शब्द होते, पण बाहेर म्हातारी बसली होती.

मीटर साठ दाखवत होता. तिनं डॅशबोर्डखाली मुठीनं एक ठोसा मारला. एकशेवीस. दुसरा मारला. साठ.

म्हणजे डोकी सगळी शाबूत होती. मुख्य कंट्रोलजवळचं टोक आदळलं की सुटत होतं. तिनं चारही स्क्रू काढले, झाकण बाजूला ठेवलं, कनेक्टर ओढून बाहेर काढला आणि नाकाशी नेला.

तंबाखू नव्हती. आंबट, गोडसर, फ्रिजमध्ये आठवडाभर विसरलेल्या खोबऱ्यासारखा वास. हिरव्या तारेच्या पिनावर हिरवट-पांढरा थर, बाजूला लाल-पिवळा चिकट चिखल, त्यात चिकटून मेलेल्या मुंग्या. पिनांच्या रांगेत काहीतरी पांढरं अडकलं होतं. तिनं चिमट्यानं ते काढून तळहातावर घेतलं. तांदळाचा दाणा. एका बाजूनं कुंकू लागलेला.

जयमाला चालकाच्या पायरीवर बसली. तिला सगळं कळलं आणि जे कळलं ते तिला अजिबात नको होतं.

खंडेनवमीला दौलतरावांच्या बारा बसा याच आवारात ओळीनं उभ्या होत्या, झेंडूच्या माळा घालून. मंजुळाबाई ताट घेऊन एकेका बसला ओवाळत होत्या. सात नंबरची काळी पेटी गेल्याच वर्षी नवी बसवलेली, तिच्या किमतीची चर्चा दौलतरावांच्या घरात वर्षभर पुरली होती. म्हातारीनं जयमालाला विचारलं, "हिचं डोकं कुठं असतं गं, पोरी?" आणि जयमालाला कोण अभिमान. एरवी आवारात कुणी बाईला काही विचारत नाही. तिनं खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून चार स्क्रू उघडले, झाकण काढलं, "हे बघा, आजी," म्हणाली आणि कुणीतरी पेढे देत होतं तिकडे गेली. परत आली तेव्हा झाकण कुणीतरी जागेवर टेकवून ठेवलं होतं. तिनं ते चार स्क्रूंनी आवळलं. आत न बघता.

तेरा वर्षं पोरींच्या हातावर चापट्या मारल्या, आणि स्वतः हे. कनेक्टरमधल्या चिखलापेक्षाही तिला स्वतःची जास्त शिसारी आली.

आणि ती काही देवी नव्हे, सोपी वाटही तिच्या मनात आलीच. ब्रशनं साफ करायचं, दोन पिन बदलायचे, कारणाच्या ओळीत "ओल" लिहायचं. ओल कुणाचीच नसते. पण कंपनीला नाव हवं होतं आणि दौलतरावांच्या हाताशी एकच नाव होतं. "ओल" लिहिली असती तर तीही बाटलीतलीच ठरली असती. बाहेर टायरवर कोंडाजी चपला काढून, पाय पोटाशी घेऊन बसला होता. खोली सोडायला लावलेला माणूस कसा बसेल तसा, आत्तापासूनच.

ती उठली. एक पांढरा कागद घेतला, त्यावर तो दाणा ठेवला, आणि फडक्यानं धरून कोंडाजीची बाटली सोडवून आणली. दोन्ही ऑफिसच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं.

"ए ताई, बाटली टेबलावर?" जयदीप मागे सरकला.

"बघा. याचा रंग तपकिरी आहे. आतला लाल आहे. ही बाटली उजवीकडे असते, कंट्रोल डावीकडे, तोही चार स्क्रूंच्या झाकणामागे. स्टिअरिंगवरून पलीकडे, बंद झाकणातून थुंकायचं तर माणूस सर्कशीत पाहिजे."

"गुटख्यात काय काय टाकतात, आपल्याला काय माहीत."

"तांदूळ टाकतात? कुंकू लावून?"

जयदीपनं दाण्याकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर.

दौलतरावांची चावी फिरायची थांबली. "अक्षदा हाय ही."

"अक्षता आहे, कुंकू आहे, हळद आहे आणि सगळ्यांवर नारळाचं पाणी. मीठ-साखर असतं त्यात. पिन खाल्लाय त्यानं, म्हणून टोक सुटत होतं. मीटर चांगलं होतं, ब्रेकचं डोकंही चांगलं होतं. दोन्ही मागच्या कपाटात पडलीत."

"म्हंजी पूजेनं बस बंद पडली म्हणायचं?" दौलतराव उभे राहिले. "कंपनीला काय लिहू मी? देवीनं शिफ्ट चुकवली? हसतील लोक. त्यापेक्षा थुकी बरी, बाई. थुकी समजती त्यांना."

"समजते म्हणून खोटी लिहायची?"

"आन् वतलं कुणी पानी? म्या न्हाई वतलं. कुणी बघितलं? त्या कोंडाजीनंच वतलं आसंल."

बाहेरच्या गाडीची काच खाली होती. मंजुळाबाईंच्या डोळ्यांत औषध घातलेलं असल्यामुळे त्या डोळे मिटूनच बसल्या होत्या, पण कानांत कुणी काही घातलं नव्हतं.

"मी वतलं," त्या म्हणाल्या. "अख्खा नारळ."

"आई, तू गप बस."

"का गप बसू? येवढी महागाची पेटी, तिला काय कोरडी ठिवायची? त्यो कोंडाजी म्हणत व्हता, आज्जे, आत नको, चाकावर वता. मीच त्याला गप केला. ड्रायव्हरनं शिकवायचं व्हय मला? झाकान बी मीच टेकवलं."

दौलतराव दारात उभे राहिले, आईकडे पाठ करून आणि जयमालाकडे तोंड करून. दोन्हीकडे बघायची सोय नव्हती. ते मान वळवून टायरवरच्या कोंडाजीवर खेकसले, "मग हे बोलला का न्हाईस रं तू, एवढे दिवस?"

कोंडाजी उभा राहिला. "म्हातारीचं नाव कसं घ्यायचं, शेठ?"

जयमालाला त्याची कीव आली नाही, रागच आला. एकवीस वर्षांची नोकरी आणि राहती खोली घालवायला निघाला होता, मालकाच्या आईचं नाव घ्यायचं नाही म्हणून. असल्या सभ्यपणाचं काय करायचं? आणि असं सगळं गिळून बसणारी माणसं असतात म्हणून जयदीपसारख्यांचे कागद तयार होतात.

तिनं फॉर्म ओढला, कारणाच्या ओळीवर सरळ आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं: खंडेनवमीच्या पूजेत मुख्य कंट्रोलच्या कनेक्टरमध्ये नारळाचं पाणी गेलं. पूजेसाठी झाकण मी उघडलं. नंतर आत न तपासता मीच बंद केलं. चालकाचा संबंध नाही. खाली सही केली, जयमाला इंगळे, पूर्ण नाव, लफ्फा न मारता.

"ताई, हे काय?" जयदीप म्हणाला. "गॅरेजचं नाव जाईल."

"नाव हवं होतं ना त्यांना? हे घ्या."

"असं कुणी स्वतःहून लिहितं का?"

"नाही लिहीत. म्हणून तर दोन चांगले भाग कपाटात पडलेत."

दौलतरावांनी कागद दोनदा वाचला. त्यांना तो आवडला नाही, पण त्यात आईचं नाव नव्हतं आणि आपलंही नव्हतं, हे त्यांना लगेच दिसलं. "पुढच्या साली मग पूजा कशाची करायची?" ते कागद घडी करत म्हणाले.

"चाकाची करा. चाक धुता येतं."

त्यांनी कोंडाजीला माफ करा वगैरे काही म्हटलं नाही. असली माणसं म्हणत नाहीत. "दुसऱ्या शिफ्टला सात नंबर काढ," एवढं म्हणाले आणि गाडीत बसले. मंजुळाबाईंनी काचेतून हात बाहेर काढून जयमालाला जवळ बोलावलं. "पोरी, धुतलंस का नीट ते? मुंग्या लागल्या असतील." मुंग्या लागल्यात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नारळ कुठं सांडला की काय होतं, हे ऐंशी वर्षांच्या बाईला ठाऊक होतं. काळ्या पेटीतही तेच होतं, एवढंच नवीन.

जयमालानं स्टीलचा डबा उघडला. पिन बदलले, पेटीच्या बाजूचा थर ब्रशनं आणि स्प्रेनं काढला, मेलेल्या मुंग्या चिमट्यानं एकेक उचलल्या, पिवळी-हिरवीचा सुटलेला पीळ पुन्हा घातला. टॉर्च मारून आत पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग बंद केलं. ठोसे मारले तरी मीटर साठावरून हलला नाही. कोंडाजीनं बस कांदा मार्केटपर्यंत नेऊन सगळ्या गतिरोधकांवरून मुद्दाम जोरात आणली. काटे पडले नाहीत.

खाली उतरून तो तिच्यासमोर आला, काहीतरी म्हणायला. तोंड भरलेलं होतं. ओठांच्या कडेला तपकिरी रेघ आली होती.

"आधी थुंकून या," जयमाला म्हणाली.

तो इकडे तिकडे बघायला लागला, खिडकीपाशी गेला, दोरी चाचपली. मग शिफ्टची वेळ झाली म्हणून तसाच, तोंड मिटून, मान तेवढी तिच्याकडे वाकवून स्टिअरिंगवर बसला आणि बस फाटकातून बाहेर काढली. बाटली ऑफिसच्या टेबलावर होती, जयमालाच्या जेवणाच्या डब्याला टेकून. जयदीप म्हणाला, मी बाटलीला हात लावणार नाही. तेव्हा जयमालानंच फडकं घेतलं.